मुंडक्याचा आवाज

बुनरुआनची चूक एवढीच, की नवस बोलताना तिने सिनेमाचं नाव घेतलं.

आमच्या था सालाओ गावात शहाणी माणसं नवस बोलताना तोंड सांभाळतात. डुकराचं डोकं वाहीन म्हणतात, केवढं ते सांगत नाहीत. नाच करवीन म्हणतात, नाचणाऱ्या किती ते बोलत नाहीत. सिनेमा दाखवीन म्हणतात आणि मग जो हाताला लागेल तो दाखवून मोकळे होतात. घाटावरच्या देवळातला आमचा राखणदार, चाओ फो, समजूतदार आहे. पण बोललेला शब्द मात्र तो मोजून घेतो. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं आणि बुनरुआन तर साठीची बाई. लहानपणी चौथीत तिला मीच शिकवलं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या नातीला, खिमला, डेंग्यू झाला. पोर दहा वर्षांची. नाकातून रक्त थांबेना, पोट फुगलं, डॉक्टर नुसते मान हलवू लागले. आई बँकॉकला कारखान्यात, तिला पोचायला दुसरा दिवस उजाडणार. बुनरुआन दवाखान्यातून उठली ती थेट देवळात गेली आणि गुडघे टेकून बोलून बसली : "पोर वाचू दे. मी तुला 'वेळूच्या बनातलं मुंडकं' दाखवीन. पूर्ण. आवाजासकट. तू पूर्वी बघायचास तसं."

पोर वाचली. आणि नवस दोन वर्षं तसाच राहिला, कारण तो सिनेमा पंचवीस वर्षांत कोणी पाहिला नव्हता.

इतके दिवस ते चाललं. पण यंदा खिम सहावी पास झाली आणि नाखोन सावानच्या मोठ्या शाळेत तिला जागा मिळाली. आमच्या गावातून बऱ्याच वर्षांनी कोणाला तरी मिळाली. तिच्या अभ्यासाला मी रोज संध्याकाळी बसत होतो, त्यामुळे बातमी आली तेव्हा मला स्वतःलाच पास झाल्यासारखं वाटलं. खिमची मावशी त्या शहरात राहते, राहायची सोय होती. दप्तर आलं, निळा घागरा शिवून झाला. आणि मग बुनरुआन म्हणाली, "नवस फिटल्याशिवाय पोर नदीपलीकडे जाणार नाही."

"अगं, शाळा अठरा दिवसांनी सुरू होते," मी म्हणालो.

"मग अठरा दिवसांत फेडा. गुरुजी, तुम्ही वाचवलंत का तिला? त्याने वाचवलं. नदीच्या अलीकडे त्याचा हात आहे. पलीकडे गेली आणि ताप आला तर मी कोणाच्या पाया पडू?"

खिम दारात बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही. नुसतं म्हणाली, "गुरुजी, तो सिनेमा शोधायचा."

*

शोधायला एकच ठिकाण होतं. हिया सेंग.

हिया म्हणजे थोरला भाऊ, सगळं गाव त्याला तसंच म्हणतं. सेंगच्या बापाची फिरत्या सिनेमाची गाडी होती. बाप मशीन चालवायचा आणि सामनियांग नावाची एक बाई माइकसमोर बसून सगळ्यांचे आवाज काढायची. तेव्हाच्या फिल्मवर आवाज नसायचाच. नायक, नायिका, सावकार, दारुडा, कोंबडा, भूत, सगळं ती एकटी. मधेच पोटदुखीच्या औषधाची जाहिरातही तीच करायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली. सेंग आता मोठ्या पडद्यावर नवे सिनेमे दाखवतो, ज्यांत आवाज आधीच भरलेला असतो.

"मावशी," सेंग बुनरुआनला म्हणाला, "मारामारीचा नवा सिनेमा आणलाय. चाओ फो खूश होईल. सगळे देव मारामारीच मागतात."

"मी मारामारी बोलले नव्हते."

"बोलायचं तरी कशाला नाव! नुसतं सिनेमा म्हणायचं."

"तुझं पोर मरायला टेकलं असतं म्हणजे कळलं असतं, तू काय बोलला असतास ते."

सेंगने भाताच्या गोदामात शिडी लावून पोटमाळ्यावरचे डबे काढायला घेतले. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी गंजलेले तीन डबे निघाले आणि त्यावर बापाच्या अक्षरात लिहिलेलं होतं : मुंडकं, एक, दोन, तीन.

गोदामातच पोत्यांवर चादर टांगून आम्ही तो लावला. मी, सेंग आणि खिम. फिल्मचे रंग उडाले होते. झाडं गुलाबी, आभाळ गुलाबी, भात गुलाबी. फक्त रक्त होतं तसं लाल राहिलं होतं.

गोष्ट तुम्हाला सांगतो. गावातली एक देखणी सून रात्री झोपली की तिचं मुंडकं धडापासून सुटतं आणि खाली काळीज, फुप्फुसं, आतडी लोंबकळत असा तो सगळा घोस हवेत उडत शिकारीला जातो. अशा भुताला आमच्याकडे क्रासू म्हणतात. ती कोंबड्या खाते, वासरं खाते, बाळंतिणीच्या खोलीखाली घिरट्या घालते. तिच्यावर डोळा असलेला एक मांत्रिक आहे, तो दोन्ही हातांना सुपं बांधून उडतो. शेवटी वेळूच्या बनात दोघांची झुंज होते आणि सूर्य उगवायच्या आत मुंडक्याला आपलं धड शोधायचं असतं.

मुंडकं पहिल्यांदा उडालं आणि खिम खो खो हसत सुटली.

"गुरुजी, दोरी! दोरी दिसतेय!"

दिसत होतीच. चांगली मासे धरायची दोरी होती. आतडी खरी होती, डुकराची, बाजारातली. त्यावर बसलेली माशी पडद्यावर मांजराएवढी दिसत होती. मांत्रिक उडायचा तेव्हा त्याच्या पोटाखालची फळी डोकावायची. रक्त तर इतकं, की एका कोंबडीतून दोन बादल्या निघाल्या.

"असल्याला लोक घाबरायचे?" खिमने विचारलं.

"बघत राहा," मी म्हटलं.

शिकवताना मी हेच करत आलो. उत्तर आधी सांगितलं की पोरांचा त्यातला रस संपतो.

दुसऱ्या रिळात मुंडकं एका घराखाली येतं. वर फळ्यांच्या फटीतून रक्ताचा थेंब पडतो. मुंडकं तोंड उघडतं, जीभ बाहेर काढतं आणि वाट बघतं. बाकी काही होत नाही. दोरी दिसत असतेच. खिमचं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही, पण तिने पाय वर पोत्यावर ओढून घेतले होते.

रीळ संपलं तेव्हा ती म्हणाली, "दोरी होती तरी भीती वाटली. हे कसं?"

"तुला काय वाटतं?"

"दोरी दिसली म्हणून मी निर्धास्त झाले होते. मग ती आली."

पन्नास वर्षांत मला याहून चांगलं उत्तर कोणी दिलेलं नाही.

*

आता राहिला आवाज. सामनियांगची वही वाळवीने खाल्ली होती. मी म्हटलं, मी तो सिनेमा पंधरा वेळा पाहिलाय, मला पाठ आहे. बुनरुआन म्हणाली, तिलाही पाठ आहे, आणि शब्द इकडचा तिकडे झालेला ती चालवून घेणार नाही. चाओ फोने तो दर वर्षी ऐकलाय.

म्हणून तिच्या शेवयांच्या दुकानात बसून आम्ही लिहायला घेतलं. सगळ्यात गाजलेलं वाक्य शेवटचं. पहाट होत आलीय, मुंडकं परत येतं आणि पाहतं तर धड जागेवर नाही. तेव्हा ती मांत्रिकाला जे सुनावते, त्यावर सारं मैदान शिट्ट्या मारायचं.

मी लिहिलं : "माझं धड दे, नाहीतर शाळेतल्या त्या लांबुळक्या मास्तराचं घेऊन जाईन!"

बुनरुआनने वाचलं आणि माझी पेन्सिल हिसकून घेतली. "काहीतरीच काय! 'नाहीतर त्या कोपऱ्यातल्या शेवयावालीचं घेईन, तिचे दंड भक्कम आहेत!' असं होतं. मी तिथे टोपली घेऊन बसलेली असायचे. सगळे वळून माझ्याकडे बघायचे."

"बुनरुआन, मास्तर होता. मी लाजून बायकोच्या मागे लपलो होतो."

"गुरुजी, वय झालंय तुमचं."

"तुझंही काही कोवळं नाही."

खिम आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. मग वही उचलून ती बाजारात पळाली. अर्ध्या तासाने परत आली ती डोळे मोठे करून आणि यायला, म्हणजे आजीला, सांगू लागली.

"न्हाव्याला विचारलं. तो म्हणतो, 'त्या न्हाव्याचं घेईन, निदान केस तरी फुकट कापून होतील.' मटणवाल्याच्या आईला विचारलं. ती म्हणते, 'मटणवालीचं घेईन, आतडी ठेवायला जागा भरपूर.' देवळातला झाडूवाला म्हणतो, 'झाडूवाल्याचं नको, त्याला धूळ फार.' आणि सगळे शपथ घेतात, याय! प्रत्येक जण म्हणतो, दुसरा खोटं बोलतोय."

बुनरुआन रश्शाचा डाव हातात धरून उभीच राहिली.

"म्हणजे ती बया दर वेळी बदलत होती," ती शेवटी म्हणाली.

"दर वेळी," मी म्हणालो. "आधी बाजारात हिंडून कोण कुठे बसतो ते बघून घ्यायची. मला आत्ता आठवतंय."

"आणि मी अठ्ठावीस वर्षं समजतेय, की ते सिनेमातच होतं."

"तुम्हाला त्या दिवशी शेवया फुकट द्याव्या लागल्या असतील," खिम म्हणाली.

"दोन वाडगे हाणले तिने!" बुनरुआन ओरडली आणि हसू आवरेना तशी स्टुलावर बसली. मग लगेच गंभीर झाली. "पण मग चाओ फोने नेमकं काय ऐकलं?"

ती रस्सा ढवळत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "दर वर्षी वेगळं ऐकलं. आणि कधी तक्रार केली नाही. ठीक आहे. नवं लिहा. पण चांगलं लिहा."

*

नऊ दिवस उरले होते. आवाज मी काढणार असं ठरलं होतं. वर्गातल्या चाळीस पोरांना मी एकेकाळी बिनामाइकचा आवरत असे. गोदामात पहिलं रीळ लावलं, मी सावकार झालो, सून झालो, कोंबडा झालो, आणि बाराव्या मिनिटाला खोकत पोत्यावर आडवा झालो.

सेंगने पाणी दिलं. "गुरुजी, तीन रिळं आहेत. तुम्ही मेलात तर तुमच्या अंत्यविधीला मला आणखी एक सिनेमा दाखवावा लागेल."

खिमने माइक उचलला. "पुन्हा सुरू करा, हिया."

"तुला येतं?"

"इतके दिवस ऐकतेय ना."

तिला येत होतं. सावकार नाकातून बोलायचा. दारुड्याच्या प्रत्येक वाक्याचा शेवट हरवायचा. दार करकरायला ती खुर्ची वापरायची, हाडं मोडायला कच्ची पपई, आणि मुंडकं रक्त चाटतं तेव्हा पिकलेला आंबा ओठांनी ओढायची. सेंग मशीनमागे बसून पोट धरून हसत होता.

बुनरुआनला कळलं तेव्हा ती गोदामात आली. "जिच्यासाठी नवस, तिलाच राबवता? तिने पुढे बसायचं, हात जोडून. देवाने बघायला नको, पोर धड आहे ते?"

"याय, बसले तर नुसतं तोंड दिसेल," खिम म्हणाली. "बोलले तर त्याला कळेल, मी किती धड आहे ते."

"फार बोलतेस."

"तेच काम आहे."

बुनरुआनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मी शिकवलं. मग पोत्यावर बसली. "दाखव."

एकच गोष्ट जमत नव्हती. क्रासू. खिम तिथे नुसती किंचाळायची. कानाला टोचायचं, पण आत काही हलायचं नाही. आम्ही तो घराखालचा प्रसंग बारा वेळा लावला. पुढल्या दिवशी पुन्हा बारा वेळा. घसा बसत चालला, तरी ती म्हणे, "परत."

मी शेवटी मशीन थांबवायला सांगितलं. "खिम, ती बाई काय करतेय?"

"घाबरवतेय."

"कोणाला? तिथे कोणीच नाही. ती एकटी आहे. वरून थेंब पडतोय. मग?"

ती चादरीवरच्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिली. गुलाबी चेहरा, उघडं तोंड, बाहेर आलेली जीभ.

"तिला तहान लागलीय," ती म्हणाली.

"असेल."

"गुरुजी, दवाखान्यात मला पाणी देत नव्हते. सुईतून देतोय म्हणायचे. माझ्या तोंडात काहीच नव्हतं, नुसती जीभ होती, लाकडासारखी. बाजूच्या खाटेवरची बाई पाणी प्यायची त्याचा आवाज यायचा. मला वाटायचं उठावं आणि तिला..." ती थांबली. "लावा, हिया."

या वेळी ती किंचाळली नाही. श्वास आत ओढला, कोरडा, आणि मग अगदी हळू, जवळजवळ आर्जवाने म्हणाली, "थोडंसं."

सेंगचा हात मशीनवर तसाच राहिला. बुनरुआन उठून बाहेर गेली. ती बराच वेळ नदीकडे तोंड करून उभी होती. आत आली तेव्हा म्हणाली, "हेच ठेव," आणि रात्रीच्या जेवणाला बोलवायला विसरून निघून गेली.

*

शनिवारी देवळासमोरच्या मैदानात पडदा उभा राहिला. सोमवारी शाळा. रविवारची सकाळची सहाची फेरीबोट ही शेवटची संधी, कारण शाळेतली नावनोंदणी रविवारीच होती.

पहिली रांग नेहमीसारखी रिकामी ठेवली. लाल खुर्च्या, प्रत्येकीवर झेंडूची माळ, मधल्या खुर्चीसमोर उदबत्त्या आणि एक वाडगा शेवया. ती चाओ फोची जागा. त्याच्या मागे सगळं गाव. म्हातारे पुढे, कारण त्यांना आठवत होतं. पोरं मागे, कारण त्यांना वाटत होतं हसायला मिळेल. खिम पडद्याच्या बाजूला माइक घेऊन चटईवर बसली. समोर खुर्ची, पपई, आंबे, पत्र्याचा तुकडा. मी बाजूला पान उलटायला.

पोरं हसलीच. दोरी दिसली तेव्हा मागून आरोळी आली, "मासा लागला, मासा!" खिमने क्षण दवडला नाही. मुंडक्याच्या तोंडून म्हणाली, "कोण रे तो? भातगिरणीच्या दाराशी सायकल टाकून आलेला? तुझीच आतडी लावीन पुढच्या वेळी!" पोराची सायकल खरोखरच तिथे होती. मैदान फुटलं. तो पोरगा मागे वळून सायकल बघायला गेला आणि मित्रांना बरोबर घेऊन गेला.

घराखालच्या प्रसंगाला मात्र मागची रांगही गप्प होती. "थोडंसं," खिम म्हणाली, आणि रांगेच्या कडेला माझ्याजवळ बसलेल्या न्हाव्याने आपले दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

तिसरं रीळ. वेळूचं बन. सुपं बांधलेला मांत्रिक झेपावतो, मुंडकं त्याच्या गळ्याभोवती आतडी आवळतं, रक्ताचं कारंजं उडतं, आणि टक्‌ असा आवाज होऊन पडदा पांढरा झाला.

फिल्म तुटली होती. मशीनमागे सेंगच्या शिव्या ऐकू आल्या. "दोन मिनिटं! चिकटवतो!"

पुढच्या रांगेमागे बुनरुआन उठून उभी राहिली. तिचा चेहरा मला उजेडात स्पष्ट दिसला. पूर्ण, आवाजासकट, असं ती बोलली होती. चित्र गेलंच होतं, आता आवाजही गेला तर मग ते पूर्ण कसलं?

मी खिमकडे पाहिलं. आमच्या वहीत तुटलेल्या फिल्मसाठी काही लिहिलेलं नव्हतं. तिने वही मिटली.

पांढऱ्या पडद्यावरून तो कोरडा श्वास आला.

"दिवा कोणी लावला?" मुंडकं म्हणालं. "मला दिसत नाही. माझं धड कुठे आहे? मी इथेच ठेवलं होतं." पत्र्यावरून नख ओढल्याचा बारीक आवाज. "इथे माणसं बसलीत. मला वास येतोय. एक, दोन, तीन... किती गरम आहात तुम्ही."

एका बाळाने रडायला सुरुवात केली आणि आईने त्याचं तोंड दाबलं. पडद्यावर काहीही नव्हतं. ना दोरी, ना माशी, ना आतडी. हसायला धरावं असं काहीच उरलं नव्हतं.

"मला तहान लागलीय," आवाज म्हणाला. आता तो खिमचाच होता. तिला तो झाकता येत नव्हता, किंवा झाकायचा नव्हता. "कोणी पाणी देत नाही. याय, पाणी."

"देते गं, देते!" बुनरुआन ओरडली. अख्ख्या मैदानासमोर. ती दोन पावलं पुढे आली, हात पसरून, आणि रिकाम्या लाल खुर्च्यांना अडली. "देते, बाळा!"

कोणी हललं नाही. खिमने माइक घट्ट धरला होता, तिचे डोळे भरले होते, आणि मला वाटलं, आता ही रडणार आणि सगळं इथेच थांबणार.

तिने नाक ओढलं. माइकमधून ते चांगलंच ऐकू आलं.

"पाणी नको, बाई," मुंडकं ठसक्यात म्हणालं. "पाण्याने माझी आतडी धुतली जातील आणि माशा रुसतील. तुझ्या शेवया दे. तो पुढच्या खुर्चीवरचा म्हातारा नुसता वास घेतोय, खात काही नाही!"

आधी कोण हसलं ते माहीत नाही. मला वाटतं बुनरुआनच. रडता रडता तिला हसू फुटलं, मग न्हाव्याला, मग मैदानभर लाट गेली. त्या हसण्यातच सेंग ओरडला, "झालं!" आणि पडद्यावर गुलाबी वेळू परत आले. मुंडकं आपल्या धडाच्या जागेकडे झेपावलं, धड तिथे नव्हतं. सूर्य उगवायला आला. खिमने शेवटचं वाक्य फेकलं, त्यात ना मास्तर होता ना शेवयावाली. "माझं धड दे मेल्या, मला सकाळी सहाची बोट पकडायची आहे!"

शिट्ट्या वाजल्या. मी खिमकडे बघितलं. तिने खांदे उडवले. तिच्या घशातून आता आवाजच निघत नव्हता.

*

माणसं पांगली तेव्हा आम्ही चौघे देवळात गेलो. नवस फिटला की नाही ते विचारायचं असतं. त्यासाठी लाकडाच्या दोन चंद्रकोरी आहेत, एका बाजूने सपाट, एका बाजूने फुगीर. जमिनीवर टाकल्या आणि एक सपाट, एक फुगीर पडली, तर देव होय म्हणतो. दोन्ही फुगीर, तर नाही. दोन्ही सपाट पडल्या तर देव हसतोय; पुन्हा विचारायचं.

बुनरुआनने चंद्रकोरी कपाळाला लावल्या. "दाखवला. पूर्ण. आवाजासकट. पोहोचला का?" आणि टाकल्या.

दोन्ही सपाट.

"हसतोय," सेंग पुटपुटला.

तिने उचलल्या. "मधे तुटला, ते ठाऊक आहे मला. पण आवाज नाही तुटला. पोहोचला का?"

दोन्ही सपाट.

खिमने माझा हात धरला. तिसऱ्यांदाही तसंच पडलं तर आज उत्तर नाही, दुसऱ्या दिवशी यायचं, असा रिवाज आहे. आणि तिसऱ्यांदा 'नाही' पडलं तर मग काही बोलायलाच नको. बुनरुआन चंद्रकोरी घेऊन गुडघ्यावर तशीच बसून राहिली. उदबत्तीची राख तिच्या मनगटावर पडली, तिने झटकली नाही. मी तिला चौथीत ओळखत होतो, एखादं गणित सुटेना की ती अशीच पाटीकडे बघत बसायची, आणि मी सांगायला गेलो की पाटी फिरवून घ्यायची. मी आताही काही बोललो नाही.

मग तिने चंद्रकोरी न टाकताच जागेवर ठेवल्या. दोन्ही एकमेकींना टेकवून, नीट.

"दोनदा हसलास," ती चाओ फोला म्हणाली. आवाज भाजीवाल्याशी बोलावा तसा. "मी पण हसले. सगळं गाव हसलं. घाबरलासही असशील, ते तू कबूल करायचा नाहीस. मी बोलले होते ते दिलंय. आता मी परत विचारणार नाही. तुझं हसून झालं की पोरीकडे लक्ष दे, नदीच्या अलीकडेही आणि पलीकडेही. पलीकडे तुझी सत्ता नसेल, तर तिथे कोण असेल त्याला सांगून ठेव."

तिने तीनदा डोकं टेकवलं आणि गुडघे चोळत उठली.

"मावशी," सेंग दबक्या आवाजात म्हणाला, "असं चालतं?"

"तू मशीन आवर." ती खिमकडे वळली. "आणि तू. पाणी पी. गरम. घसा बघ काय करून ठेवलास! नव्या शाळेत मास्तरीण नाव विचारेल तर काय चित्र काढून दाखवणार आहेस?"

खिमने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. ती हसायला लागली, तेही बिनआवाजाचं.

"हिया सेंग," बुनरुआन पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, "सकाळी साडेपाचला ट्रक घेऊन ये. ट्रंक जड आहे, गुरुजींना उचलू देऊ नकोस."